हातात एक्के, समोर किती?

आखाजी जवळ आली की खान्देशात दोन खेळ सुरू होतात. सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी रात्रभर चालतात. तो बायकांचा खेळ. पुरुषांचा खेळ पाराखाली, मळ्यातल्या शेडमध्ये, नाहीतर एखाद्या रिकाम्या खळ्यात सतरंजी अंथरून मांडला जातो. बाकीच्या महाराष्ट्राला अक्षय तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त. जळगाव-धुळ्याकडे ती शेतीच्या वर्षाची वेस आहे. सालदाराचं साल याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं. जुने हिशेब मिटतात, हातात थोडी रोकड येते आणि बाहेर ऊन असं असतं की शेतात जाऊन करायला काही उरत नाही. पैसा आणि रिकामा वेळ एकाच आठवड्यात हाती येतात, आणि मग पत्ते पिसले जातात.

आसोद्याच्या बहिणाबाईंच्या कवितेत आखाजी आहे ती झोक्याची. पत्त्यांच्या आखाजीची लेखी नोंद मिळते ती बहुतेक पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये. अमुक गावाच्या शिवारात छापा, बावन्न पत्त्यांचा झन्नामन्ना, इतकी रोख, इतक्या मोटारसायकली जप्त. त्या बातमीत खेळ कसा चालला होता, कोणाच्या हातात काय होतं, हे कधीच नसतं. मला मात्र तेच महत्त्वाचं वाटतं. डाव उठल्यावर सतरंजीभोवती जे बोलणं होतं, त्यात एकच वाक्य फिरत राहतं: ‘पान लागलं’ किंवा ‘पान लागलं नाही’. ज्याला पान लागलं नाही तो हरला, हे समजण्यासारखं आहे. पण खरी रक्कम जाते ती पान लागलेल्या माणसाची. हातात एक्क्यांची जोडी आली म्हणून तो शेवटच्या नोटेपर्यंत थांबतो आणि समोरचा साध्या कलरवर डाव घेऊन जातो. चांगल्या पानाची खरी किंमत किती, हा प्रश्न तो स्वतःला विचारत नाही. जगभरचे पोकर खेळणारे हाच प्रश्न गेली पन्नास वर्षं उकलत आहेत. आणि तो सोडवण्याचं मूळ गणित ज्या ग्रंथात नीट मांडलेलं आहे, त्या ग्रंथाचा मठ आपल्याच चाळीसगाव तालुक्यात होता.

आधी तीन पत्ती घेऊ, कारण खान्देशात तीच घरोघर माहीत आहे. बावन्न पानांतून तीन पानं निवडायचे प्रकार होतात २२,१००. त्यांतले ट्रेल, म्हणजे तिन्ही पानं सारखी, ५२. पक्की रन ४८. कच्ची रन ७२०. कलर १,०९६. जोडी ३,७४४. उरलेले १६,४४० हात नुसत्या वरच्या पानाचे, म्हणजे दर चारांतले जवळजवळ तीन हात काहीच न जुळलेले. एक गोष्ट इथेच लक्षात येते. ट्रेलचे हात पक्क्या रनपेक्षा चारने जास्त आहेत, तरी आपण ट्रेल वरचा धरतो. खेळातली उतरंड परंपरेने ठरलेली असते आणि मोजणी तिच्याशी दर वेळी जुळतेच असं नाही.

यातून आणखी एक हिशेब निघतो, तो मी कागदावर मांडून पाहिला. सगळे २२,१०० हात कमी-जास्त क्रमाने लावले तर बरोबर मधला हात कोणता? तो राजावर पडतो. राणी किंवा त्याखालचं पान वर असलेले हात ९,३६०, राजा वर असलेले ३,२४०. म्हणजे हातात एक राजा आणि दोन फुटकी पानं असली की आपण साधारण मध्यावर असतो. आंधळी खेळणाऱ्या माणसाचा सरासरी हात हाच. बघून खेळणाऱ्याला त्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते, हा तीन पत्तीचा नियम. पानं बघण्याची ही किंमत आहे. हातात राजा-नव्वी-चौकी दिसल्यावर दुप्पट पैसे देऊन थांबणारा माणूस मध्यावरचा माल दुप्पट भावाने घेत असतो. हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, कारण सतरंजीवर बसलेल्या कोणी ते मोजलेलं नसतं.

आता एक्क्यांची जोडी. समोर एकच जण असेल तर त्याच्याकडे कलर, रन किंवा ट्रेल असण्याची शक्यता शंभरात नऊच्या आत. एक्के जवळजवळ सुरक्षित. समोर पाच जण असतील तर पाचही जण त्या जोडीखाली असण्याची शक्यता उतरून ६३ टक्क्यांच्या आसपास येते. आखाजीला दहा-दहा जण एका डावात बसतात. तेव्हा समोर नऊ, आणि एक्क्यांची जोडी सर्वांत वरचढ असण्याची शक्यता पन्नाशीच्या खाली, ४३-४४ टक्के. पानं तीच, माणूस तोच. समोरची गर्दी वाढली आणि किंमत बदलली. कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. माल कितीही पांढराशुभ्र असला तरी त्या दिवशी जिनिंगच्या दारात किती गाड्या उभ्या आहेत ते पाहूनच तो भाव मागतो. तोच शेतकरी सतरंजीवर बसला की फक्त आपल्या हाताकडे बघतो.

वर सांगितलेले आकडे काढायला फार काही लागत नाही. ५२ ला ५१ ने गुणा, ५० ने गुणा, आणि एक, दोन, तीन यांच्या गुणाकाराने, म्हणजे सहाने, भागा. आले २२,१००. उतरते अंक वर, चढते अंक खाली, गुणत आणि भागत जायचं. नेमकी हीच रीत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. लीलावती हा त्याचाच भाग. तिथली उदाहरणं पत्त्यांची नाहीत, कारण पत्ते तेव्हा आपल्याकडे नव्हते. सहा रसांपैकी एक, दोन, तीन असे रस घेऊन किती चवी करता येतील? उत्तर ६, १५, २०, १५, ६ आणि १. आठ दारांच्या राजवाड्यात किती प्रकारे दारं उघडी ठेवता येतील? दहा हातांच्या शंभूला दहा आयुधं किती प्रकारांनी धरता येतील? याचं उत्तर ३६,२८,८००. हातातली आयुधं आणि हातातली पानं, मोजायची रीत एकच.

भास्कराचार्यांचं गाव सह्याद्रीच्या पायथ्याचं विज्जलविड. ते नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि तो मिटलेला नाही. पण पाटणबद्दल वाद नाही. चाळीसगावहून दक्षिणेला, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत पाटणादेवीचं देऊळ आहे. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारचा ज्योतिषी. आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ उभा केला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखात घराण्याची सगळी परंपरा आहे: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग भास्कर, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि त्याचा मुलगा चांगदेव.

लेखाचा शेवटचा भाग संस्कृतात नाही, जुन्या मराठीत आहे. राजाची स्तुती संस्कृतात आणि व्यवहार लोकांच्या बोलीत. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला उघडला जाई, त्यावर गिऱ्हाइकाकडून जो भाग राजाकडे जात असे, तो मठाला दिला, अशी त्यात नोंद आहे. मला हा शिलालेख फार मोलाचा वाटतो तो यासाठी. बाजारातल्या देवघेवीतून निघालेला वाटा गणिताच्या शिकवणीवर खर्च व्हावा, हे आठशे वर्षांपूर्वी खान्देशात कोणाला तरी सुचलं आणि त्याने ते दगडावर कोरून ठेवलं.

जुगार आणि गणित यांची सांगड घालणारी नळाची गोष्ट याहून जुनी. महाभारताच्या वनपर्वात द्यूतात सगळं गमावलेला नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन विदर्भाकडे निघतो. वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण नुसत्या नजरेने दोन फांद्यांवरची पानं आणि फळं सांगतो. नळ रथ थांबवतो, मोजून बघतो, हिशेब बरोबर निघतो. तेव्हा ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय शिकवतो, फाशांच्या पोटातलं गणित. ते येताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात जाऊन बसतो. वैदिक काळी बेहड्याची फळंच फासे म्हणून वापरत, त्यामुळे झाडाची निवड सहज झालेली नाही. सातपुड्यात यावल-चोपड्याकडे हिंडणाऱ्याला बेहडा ओळखीचा आहे, त्रिफळ्यातला तोच. कथा रचणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जुगारी माणसाच्या अंगातलं वारं उतरवायचं असेल तर त्याला नुसता उपदेश करून भागत नाही, मोजायला शिकवावं लागतं.

पोकरमध्ये हे मोजणं सर्वांत पुढे गेलं आहे. टेक्सास होल्डेम हा त्याचा आज जगभर चालणारा प्रकार. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग पाच पानं मध्ये उघडी पडतात: आधी तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक, टर्न, मग शेवटचं, रिव्हर. आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतून चांगली पाच निवडायची. सुरुवातीच्या दोन पानांचे प्रकार ५२ गुणिले ५१ भागिले दोन, म्हणजे १,३२६. त्यांतले जोडीचे ७८, म्हणून सतरांत एकदा जोडी येते. दोन एक्के येण्याचे प्रकार फक्त सहा. २२१ डावांत एकदा. इतक्या वेळाने आलेलं पान टाकवत नाही, ही माणसाची स्वाभाविक ओढ आहे आणि तिथेच चूक सुरू होते. पान किती दुर्मीळ आहे ते एक, आणि या घडीला त्याची किंमत किती ते दुसरं. दोन्हींची गल्लत होते.

दोन एक्के समोर कोणतीही दोन पानं घेऊन बसलेल्या एका माणसावर शंभरात ८५ वेळा जिंकतात. दोघांवर ७३, तिघांवर ६४, चौघांवर ५६. पाच जण समोर असले की ४९ आणि नऊ जण असले की ३१. पोकर न खेळणाऱ्याने हे आकडे पाहिले की त्याला वाटतं, मग गर्दीत एक्के वाईट. इथे थोडं थांबून हिशेब करायला हवा. प्रत्येकाने शंभर रुपये टाकले आणि पुढे काही चाल झाली नाही असं धरा. एकाविरुद्ध दोनशेतले ८५ टक्के, म्हणजे सरासरी १७० रुपये परत. नऊ जणांविरुद्ध हजारातले ३१ टक्के, म्हणजे ३१० रुपये. जिंकण्याची शक्यता कमी झाली आणि कमाई वाढली. म्हणजे गर्दीत एक्क्यांची किंमत शंभराला ७० वरून २१० पर्यंत चढली. हा हिशेब पहिल्यांदा समजला तेव्हा मला फार आनंद झाला, कारण ‘किती वेळा जिंकतो’ आणि ‘किती मिळतं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्यात उघडं दिसतं.

पण खऱ्या डावात चाल थांबत नसते. फ्लॉप पडला, त्यात बदामाची तीन पानं आली, तुमच्या एक्क्यांत बदाम नाही, आणि दोघांनी वाढवत नेलं. आता ३१ किंवा ८५ यांतला एकही आकडा उपयोगाचा नाही. ते आकडे समोरच्याच्या हातात काहीही असू शकेल असं धरून काढलेले होते. शेवटपर्यंत पैसे टाकत थांबलेल्या माणसाच्या हातात काहीही नसतं. त्याच्या हातात काहीतरी असतं. प्रत्येक चालीबरोबर त्याचे कमजोर हात यादीतून गळत जातात आणि तुमच्या जोडीची किंमत उतरत जाते, जरी तुमची पानं तीच असली तरी. तीन पत्तीतही हेच. आठ जण पॅक झाले आणि एकच जण न डगमगता चाल देत राहिला, तर तो सुरुवातीच्या नऊ जणांतला कोणीतरी एक उरलेला नाही. तो सगळ्यांत तगडा हात असलेला आहे किंवा थाप मारतो आहे. यातलं काय, हे ओळखण्यासाठी तो माणूस गेल्या दोन तासांत कसा खेळला ते आठवावं लागतं.

एक्का-राजा या हाताने तर भल्याभल्यांना रडवलं आहे. दिसायला देखणा, पण हातात अजून काहीच जुळलेलं नाही. फ्लॉपमध्ये एक्का किंवा राजा निदान एकदा येण्याची शक्यता ३२ टक्के, म्हणजे तीनांत दोन वेळा नाही. दुर्रीची जोडी घेऊन बसलेल्या माणसासमोरही तो जेमतेम बरोबरीत, किंचित खालीच. राण्यांच्या जोडीसमोर ४३ टक्क्यांच्या जवळपास. दोन गुलाम तसेच. पाहताना मोठी जोडी, पण फ्लॉपमध्ये राणी, राजा किंवा एक्का यांपैकी निदान एक पान पडण्याची शक्यता ५७ टक्के. राण्यांना ४१, राजांना २३ टक्के. जोडी एक-एक पायरी खाली उतरते तशी तिची धाकधूक किती वाढते ते या तीन आकड्यांत दिसतं. आणि दोन राजे घेऊन नऊ जणांच्या टेबलावर बसलं तर कोणाकडे तरी दोन एक्के असण्याची शक्यता साधारण चार टक्के. त्या भीतीने राजे टाकणारा माणूस पंचविसांतल्या चोवीस वेळा नुकसान करून घेतो. भित्रेपणाही मोजूनच करायला हवा.

छोट्या जोड्यांचं गणित वेगळं. पंजीची जोडी हातात आली तर फ्लॉपमध्ये तिसरी पंजी मिळण्याची शक्यता बारा टक्क्यांच्या जरा आत, साडेआठांत एकदा. ती मिळाली नाही तर हात सोडायचा. मिळाली तर समोरच्याला कळतही नाही आणि तो आपल्या एक्क्यांवर सगळं लावतो. म्हणून छोटी जोडी खेळण्यासारखी आहे की नाही हे जोडीवर ठरत नाही. आत यायला किती द्यावे लागतात आणि समोरच्याकडे मागे किती पैसे शिल्लक आहेत यावर ठरतं. शंभर देऊन आत यायचं आणि समोरच्याकडे तीनशेच असतील, तर साडेआठांत एकदा मिळणाऱ्या त्या पंजीने नुकसान भरून निघणार नाही. दोन हजार असतील तर निघू शकेल. एकाच रंगाची दोन पानं हातात आली की अनेकांना भुरळ पडते. फ्लॉपमध्येच तिन्ही पानं त्या रंगाची येण्याची शक्यता एका टक्क्याहूनही कमी, ०.८४ टक्के. रंगाने हाताची किंमत वाढते हे खरं, पण थोडीच.

अमेरिकेत डेव्हिड स्क्लान्स्की यांनी सत्तरच्या दशकात सुरुवातीच्या हातांची प्रतवारी छापली, तोवर हे ज्ञान मोठ्या खेळाडूंच्या डोक्यात होतं आणि ते दुसऱ्याला देण्यात त्यांचा फायदा नव्हता. पुढे संगणक आले. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांत, मर्यादित चालीने खेळल्या जाणाऱ्या होल्डेमचं जवळजवळ पूर्ण उत्तर काढलं. त्यातून निघालेली एक गोष्ट कोणत्याही खेळाडूला उपयोगी आहे: डीलरच्या जागी बसलेल्या माणसाचं पारडं जड असतं. पानं वाटल्यावर फ्लॉपपासून पुढे तो शेवटी बोलतो, म्हणजे दुसऱ्याने काय केलं ते पाहून ठरवतो. तीच दोन पानं, पहिल्यांदा बोलायचं असेल तर कमी किमतीची, शेवटी बोलायचं असेल तर जास्त. आपल्या सतरंजीवर कोण कुठे बसला याकडे कोणी बघत नाही. बसायची जागा वयाने नाहीतर मानाने ठरते.

कायद्याने हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे. जळगाव-धुळ्याच्या बातम्यांत येणारं कलम १२ (अ) त्यातलंच. त्याच कायद्याच्या कलम १३ ने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली. मग कौशल्य कुठे संपतं आणि नशीब कुठे सुरू होतं? १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या एका खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं, कारण त्यात पानं लक्षात ठेवावी लागतात, धरणं-सोडणं ठरवावं लागतं. तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाचा खेळ, असं त्याच निकालात म्हटलं. पोकरबद्दल देश एकमताचा नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने जुगाराच्या व्याख्येतून पोकर वगळलं, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवलं. कॅसिनोंसाठी महाराष्ट्राने १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा केला होता, तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

न्यायालयाच्या मोजपट्टीने पाहिलं तर पोकरचं कौशल्य मुख्यतः हात टाकण्यात आहे, आणि तीन पत्तीतही पॅक कधी व्हायचं हे कळणाऱ्याचा तोटा कमी होतो. तरीही तीन पत्तीला नशिबाचा खेळ म्हणण्यात चूक आहे असं मला वाटत नाही. तीन पानं आली की आली. पुढे नवं पान येत नाही, बदलता येत नाही. कौशल्याला तिथे जागा अरुंद आहे आणि सतरंजीवरची मंडळी ती अरुंद जागाही वापरत नाहीत.

गेल्या काही वर्षांत सतरंजी मोबाईलमध्ये आली. रमी, तीन पत्ती, पोकर, सगळं पैशांवर, रात्री दोन वाजताही. गावात दहा जणांत बसलेला माणूस निदान उठवला जातो. कोणी हाक मारतं, कोणाची आई येते, पोलीस येतात. मोबाईलवर खेळणाऱ्या पोराला कोणी उठवत नाही आणि डावही सेकंदांत संपतो, म्हणून आखाजीच्या आठवड्यात जितके डाव होत तितके एका रात्रीत होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड; खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. हे व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांनी कर्ज काढून खेळलं त्यांच्या घरांत पुढे काय होतं, ते खान्देशाने पाहिलं आहे.

पण बंदीने मोजणी येत नाही. दहावीच्या गणितात संभाव्यतेचं प्रकरण आहे आणि त्यात बावन्न पत्त्यांची उदाहरणं आहेत. गड्डीतून एक पान काढलं, तर एक्का येण्याची संभाव्यता काढा. चार भागिले बावन्न, म्हणजे एक भागिले तेरा. मार्क मिळाले, प्रकरण संपलं. जळगावच्या, धुळ्याच्या, चाळीसगावच्या गणिताच्या शिक्षकांनी तिथे न थांबता पुढची दोन-तीन उदाहरणं घालावीत असं मला मनापासून वाटतं. समोर पाच जण असतील तर? नऊ असतील तर? शंभर रुपये टाकून चारशेचा डाव मिळणार असेल, तर चारांत किती वेळा जिंकलं म्हणजे फिटलं?

आणि एक उदाहरण नालाचं. प्रत्येक डावातून जागेचा मालक जो वाटा काढून घेतो तो नाल. ॲपवाले तोच वाटा वेगळ्या नावाने कापत. समजा दोघे तोडीस तोड आहेत, कोणालाच दुसऱ्यापेक्षा जास्त येत नाही. दोघांनी शंभर-शंभर टाकले, मालकाने पाच टक्के नाल काढला, जिंकणाऱ्याला १९० मिळाले. बरोबरीत सुटण्यासाठी शंभर भागिले एकशेनव्वद, म्हणजे ५२.६ टक्के वेळा जिंकायला हवं. दोघांनाही ५२.६ टक्के वेळा जिंकता येत नाही. शंभर डाव झाले की दोघांच्या खिशांतून मिळून हजार रुपये मालकाकडे गेलेले असतात, मग एक्के कोणालाही किती वेळा येवोत. हे गणित फळ्यावर दोन ओळींत मावतं.